पायांकडून पाहिलेला

नाशिक,
९ एप्रिल २०२५

प्रिय मीना,

तुझी आणि वहिनींची तब्येत बरी असेल. तुझ्या माहेरी नांदगावला ऊन इथल्यापेक्षा जास्तच असणार. मी ठीक आहे. डबा लावलाय. शाळेतून रिटायर झाल्यापासून वेळ खूप असतो.

गुड फ्रायडेसाठी फादरांनी मेलेल्या ख्रिस्ताचं चित्र सांगितलं होतं, फोनवर बोललो होतो तुझ्याशी. पूर्वी ख्रिस्ताचा देह आडवा काढायचे, सगळा दिसेल असा. पाचशे वर्षांपूर्वी मान्तेन्या नावाचा इटालियन चित्रकार पायांपाशी उभा राहिला आणि तिथून दिसतं तसं काढलं. तळवे समोर, चेहरा पार मागे. तिथून पाय फार मोठे दिसतात, म्हणून त्याने ते थोडे लहान केले, चेहरा झाकला जाऊ नये म्हणून. मीही तसंच काढायला घेतलं. पाय मात्र मला लहान करता आले नाहीत.

चर्च कमिटीचे खंडेराव म्हणाले, "सर, देवाचे तळवे लोकांच्या तोंडासमोर? आणि घोट्याला हे काळं काय?"

चर्च झाडणारी फुलाबाई झाडू ठेवून जवळ आली. "याचे पाय कोनी धुतले नाय का?" म्हणाली.

मीना, कारखान्यातून फोन आला त्या दिवशी तुला तुझ्या भावाने शवागाराबाहेरच धरून ठेवलं. मी आत गेलो. आपल्या रविराजच्या तोंडावर चादर होती, पाय उघडे. घोट्याला मशीनचं ग्रीस. पायांवरूनच ओळखला मी त्याला. "चादर काढू का?" तिथल्या माणसाने विचारलं. नको म्हटलं.

"कसा दिसत होता?" तू विचारत राहिलीस. माझ्याकडे सांगायला पायच होते. तेही तोंडाने निघेनात, म्हणून रंगवले.

रविवारी कमिटी पुन्हा बसली. आडवा काढा, नाहीतर बाजारातून फोटो आणू, म्हणाले. मी भांडलो नाही. का, ते कळत नाही. थकलो होतो. त्याच कॅनव्हासवर पांढरा रंग चढवला आणि ख्रिस्त आडवा निजवला. स्वच्छ, शांत. सगळ्यांना आवडला. खंडेरावांनी मोबाइलवर फोटोही घेतला. आधीच्याचा मी घेतला नव्हता.

चित्र बघायला येईन म्हणाली होतीस. एवढ्या लांब येऊ नकोस, मीना. आपला पोरगा आता त्यात नाही.

रविराजचा बाप,
हिरामण