माहेरचं लाकूड

३ मार्च
आले एकदाची सासरी. यांतेकने आमच्यासाठी बांधलेली खोली बघून जीव हरखला. नव्याकोऱ्या स्प्रूसच्या ओंडक्यांच्या भिंती, आणि सगळं लाकूड माझ्या बाबांच्या वखारीतलं, लग्नात दिलेलं. सासूबाईंनी आंबट कोबीचं सार वाढलं आणि बजावलं, की ईस्टरच्या आधी आपण बायका घराच्या भिंती साबणाने घासून लख्ख करतो. गाव बघायला येतं, तेव्हा कंबर कसून राहा. मी म्हटलं, एवढंच ना.

९ मार्च
पलंगामागे भिंतीवर निळा डाग सापडला. घासला, जाईना. यांतेकला विचारलं, तर ओशाळला. म्हणाला, अगं, ते साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी मारलेलं झाड आहे. भुंगेरा अंगावरून बुरशी घेऊन येतो, आणि ती लाकडात खोलवर निळी उतरते. मजबुतीला धक्का नाही, पण चांगल्या घरात असलं लाकूड कोणी लावत नाही. सासऱ्यांना कसं बोलणार, म्हणून गप्प बसलो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सालीतली भोकं दिसू नयेत म्हणून बाबांनी लाकूड सोलून पाठवलं, तेही पोटच्या पोरीला. सासूबाईंना अजून काही माहीत नाही.

१४ मार्च
शेजारची ब्रोन्का खोली बघायला आली. मी डागाला पाठ लावून उभी राहिले ती हललेच नाही. ती हसून म्हणाली, नवरी भिंतीला चिकटली की काय. नंतर कपडे बदलताना पाहिलं. पाठ निळी.

१९ मार्च
घासतेय. भिंत तशीच, पाठ तशीच. खांद्यापर्यंत आलंय. यांतेकला जवळ येऊ देत नाही, डोकं दुखतंय म्हणते. बिचारा बाकावर झोपतो. सांगू तरी कशी? म्हणतील, बाप तसला, पोरही तसलीच.

२४ मार्च
गळ्याशी आलं. रुमाल बांधलाय. अंगाला ओल्या सालीचा वास — कातडीखाली काहीतरी चालतं —

२७ मार्च
सासूबाईंनी पाहिलं. ओरडल्या नाहीत. दार लावून गरम पाणी आणि ब्रश आणला. घासताना म्हणाल्या, पोरी, आधी सांगायचंस. कातडी सोलवटली. खालीही निळंच —

२८ मार्च, ईस्टर
पाहुणे अंगणात. ब्रोन्काचा आवाज — मीच म्हटलं सासूबाईंना, यांतेकचा रंधा आणा. त्या रडतायत. म्हटलं, पांढरं लागेपर्यंत थांबू नका. दुखेल, तर लिहिण्यात मन गुंतावं म्हणून वही घेतली, पण दुखत नाही. रक्तही नाही. ढलप्या पडतायत, पातळ, निळ्या — अजून थोडं, सासूबाई — अजून —