उमाजीची मात्रा

सेलू, कार्तिक वद्य २, शके १८६०

उमाजी धनगराच्या कासाबाईने आज कडेवरची तान्ही मुलगी थेट अस्मादिकांच्या चरणांवर ठेवली! "वैद्यबुवा, ह्याची आफू सोडवा. लांडगा मेंढरू नेतो अन् हा बाभळीखाली पेंगायलाय. गावानं राखणीची मेंढरं काढून घेतली तर आमी खावं काय?" पतीचे इतके निर्दोष निदान करणारी भार्या दुर्लभ. अभय दिले.

कार्तिक वद्य ४

योजना अवतरली! उमाजी रोज प्रातःकाळी अफूच्या गुत्तेदाराकडून, म्हणजे किशनरावाकडून, दोन गोळ्या घेऊन तेथेच गिळतो. यापुढे त्याच्या गोळ्या आमच्या खलात जन्म घेतील. आकार तोच, वर्ण तोच. आत अफू प्रतिदिनी किंचित उणी, गूळ आणि कात किंचित अधिक. रुग्णाच्या नकळत व्यसनाचा अंत! धन्वंतरी मत्सराने पांढरा पडेल. कासाबाईस तेवढे सांगितले आहे. किशनराव हसून लोळला – "बुवा, गिऱ्हाईक माझं, पुण्य तुमचं!"

कार्तिक वद्य ११

उमाजीच्या नेत्रांतून गंगा, नासिकेतून यमुना. सरस्वती कोठून वाहते ते सभ्य लेखणी लिहीत नाही.

आम्ही दुकानाच्या कट्ट्यावर प्रेक्षक. "मालक, माल लय कच्चा आलाय बगा! हाडं फुटायलेत." किशनरावाची मुद्रा न्यायाधीशाची – "सरकारातूनच तसा आला, मी काय करू? दोनानं भागंना तर चार खा." खोकल्याचे निमित्त करून आत पळालो. हसू आवरेना.

मार्गशीर्ष शुद्ध ८

आता एका वेळी सहा. कासाबाई सांगून गेली, "जागा ऱ्हायलाय दिवसभर. काल पोरीला खेळवलं त्यानं." आमच्या कीर्तीचे हे प्रथम प्रशस्तिपत्र. ते तोंडी मिळावे आणि मेंढरांचा वास घेऊन यावे, हे आमचे प्राक्तन.

मार्गशीर्ष वद्य १

आठ! अफू नाममात्र उरली. आता तो गुळाचा व्यसनी. आणि ऐट पाहा – "आठ पचवितो मी, बुवा! हाय का दुसरा कुणी सेलूत?" अस्मादिकांनी भर कट्ट्यावर त्यास 'अफूसम्राट' ही पदवी प्रदान केली. टाळ्या! सम्राटाने लवून मुजरा केला.

खरे सांगून टाकावे काय, असे किशनरावास विचारले. "इतक्यात नको, बुवा. मजा जाईल." विचारांती आम्हासही तेच पटले.

मार्गशीर्ष वद्य ६

सम्राट मेंढे विकण्यास वालूरच्या बाजारी गेले आहेत. कट्टा ओस.

मार्गशीर्ष वद्य ७

वालूरच्या दुकानात उमाजीने अफू घेतली. खरी. सवयीप्रमाणे आठ गोळ्या.

सोबत गेलेला भुजंग त्याला बैलगाडीत घालून घेऊन आला. "दुकानदार नको नको म्हणला, बुवा. ह्यो म्हणला, 'मला वळखत न्हाईस? मी सेलूचा सम्राट हाय!' अन् समद्या एकदम तोंडात टाकल्या." डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. ओठ निळे. नाडी पाहिली. नव्हती.

महिन्यापूर्वी याच्या निम्म्या खाऊन तो चालत घरी गेला असता. शरीराची सवय आम्हीच मोडली होती, हाताची वाढवून ठेवली होती.

कासाबाई रडली नाही. पोरगी मात्र बापाची मिशी ओढीत होती.

पौष शुद्ध ४

किशनराव म्हणाला, "बुवा, सम्राट गेले, गुळाचा खप उतरला." मी सवयीने हसलो.

पौष शुद्ध ११

कासाबाई आली होती. जिनिंगमध्ये कापूस निवडायला लागली आहे. "पोरगी रडली की मुकादम हाकलतो, वैद्यबुवा. तिथल्या समद्या बाया नखाला लावून लेकरांना चाटवतात. मग ती दिवसभर निजतात. तुमच्याजवळची द्या थोडी." पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली. "गूळ नको. खरी द्या."

दिली.