आधीचा आकडा नंतर आला

५ जानेवारी, सोमवार
हातकणंगल्याच्या फाउंड्रीतून सकाळपासून सात फोन. परत अडकलं. काम खरं तर एवढंसं. लॅबमधलं यंत्र वितळलेल्या लोखंडाचा नमुना तपासून आकडे आमच्या सर्व्हरला पाठवतं, आम्ही ते फाउंड्रीच्या हेड ऑफिसला कळवायचे, तिथं नोंद झाली की ते भट्टीजवळच्या स्क्रीनवर येतात. पण आमचा लिसनर, म्हणजे निरोप घेणारा प्रोग्रॅम, एक निरोप घेतो आणि हेड ऑफिसचं उत्तर येईपर्यंत जागचा हलत नाही. तिकडची लाइन ढिली पडली की त्याचे सगळे धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, नुसते ताटकळत बसतात आणि नवा निरोप दाराबाहेर. पाटील सुपरवायझर फोनवर ओरडले, "मॅडम, लोखंड काय तुमच्यासाठी थांबतंय व्हय?"
आमच्या कंपनीचे सर म्हणाले, शुक्रवारपर्यंत नवीन करून दे. सरांचं काय जातंय म्हणायला.

८ जानेवारी, गुरुवार
झालं बहुतेक. आता लिसनर निरोप घेतो, लिहून ठेवतो, 'मिळाला' म्हणून यंत्राला मोकळं करतो. पुढं पोचवायला मागे चार वर्कर, म्हणजे चार छोटे प्रोग्रॅम. एखाद्याला हेड ऑफिसनं दाद दिली नाही तर तो जरा थांबून परत पाठवणार, बाकीचे आपापलं काम चालू ठेवणार. कुणी कुणासाठी अडत नाही.
शाहूपुरीतल्या ऑफिसात बसून दिवसभर निरोपांचा मारा करून बघितला. एकही गहाळ नाही. तरी काहीतरी राहिलंय असं वाटतंय. तसं मला गॅस बंद करून निघाल्यावरही वाटतं, म्हणून...

९ जानेवारी, शुक्रवार
बसवलं. चाललं!
भट्टीवर दस्तगीर चाचा असतात, तीस वर्षं तिथंच. स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, आकडं मोठं कर की. ते नमुना नंबर न् टाइम कशाला घातलाय? कार्बन किती हाय ते दिसलं म्हंजे झालं." पाच मिनिटांचं काम. काढून टाकलं, आकडे हातभर केले. खूश. चहा पाजला.
चाचांची जुनी पद्धत बघितली. पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतायचा, गार करायचा, हातोड्यानं फोडायचा, आतली पांढरी पट्टी किती आहे ते बघायचं; पट्टी जाड तर कार्बन कमी. त्यावरून लोखंड कसं आहे ते सांगतात. पाटील म्हणाले, "आता स्क्रीन हाय न्हवं? ही फोडाफोडी बंद करा."

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. पाच दिवस फाउंड्रीचा फोन नाही. फोन वाजत नाही म्हणून पंधरा वेळा फोन बघितला. आई म्हणाली, "तिळगूळ तरी हसून खा." सर खुशीत. अजून तीन फाउंड्र्यांना आपलं दाखवायचंय म्हणाले.

२१ जानेवारी, बुधवार
फोन आला. गेल्या शुक्रवारच्या एका भट्टीचे सगळे नग गिऱ्हाइकानं परत पाठवले. मऊ निघाले. या ओतीव लोखंडात कार्बन जास्त झाला की तसं होतं.
पाटील म्हणतात, चूक दस्तगीरची. पहिल्या नमुन्यात कार्बन कमी होता, त्यांनी घातला, बरोबर केलं. दुसरा नमुना ओके आला, लॅबच्या वहीत तसं आहे. तरी त्यांनी परत कार्बन घातला. चाचा म्हणतात स्क्रीनवर कमी दाखवत होतं. पाटील म्हणतात, "म्हातारा खोटं बोलतोय."
मी म्हटलं, बघते.

२२ जानेवारी, गुरुवार
सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.
त्या शुक्रवारी पहिला नमुना आला आणि एकदा व्यवस्थित पोचला, स्क्रीनवरही दिसला. पण हेड ऑफिसचं उत्तर वाटेत हरवलं. वर्करला वाटलं पोचला नाही. उत्तराची वाट बघत बराच थांबला. तोवर दुसरा नमुना दुसऱ्या वर्करनं नेला, तो स्क्रीनवर आला. मग पहिल्याला जाग आली, त्यानं तोच जुना आकडा परत पाठवला. हेड ऑफिसनं घेतला. स्क्रीननं पण घेतला. स्क्रीन बापडी शेवटी आलं ते दाखवते.
चाचांना कमीच दिसलं. खरंच कमी दिसलं. आणि नंबर-टाइम मी काढून टाकलेला, नाहीतर जुना आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं.
कुणी कुणासाठी अडायचं नाही, हे मोठ्या ऐटीत ठरवलं. एकाच भट्टीचे निरोप एकमेकांसाठी अडायला हवेत हे सुचलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती का मी?

२३ जानेवारी, शुक्रवार
सरांना सगळं दाखवलं. त्यांनी विचारलं,
"निरोप हरवला का?"
"नाही सर."
"आकडा चुकीचा पोचला?"
"नाही, पण उशिरा..."
"मग आपलं काम चोख आहे. त्यांनी विचारलं तर एकही निरोप गहाळ नाही एवढंच सांगायचं. दुरुस्ती गुपचूप टाक."
वर म्हणाले, तीन फाउंड्र्या हातच्या जातील, मग तुझा पगार कुठून देऊ. रागावून नाही, समजावून. त्याचीच जास्त भीती वाटली.
आणि खोटं सांगायचं, तर मला क्षणभर बरं वाटलं. नाही, खरं सांगायचं तर. वाटलं बरं.

२४ जानेवारी, शनिवार
चाचांच्या घरी गेले. सांगायलाच गेले होते. चाचींनी पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली. मला वाटतं त्यांना मी विचारपूस करायला आलेय असं वाटलं.
चाचा म्हणाले, "ताई, माझंच चुकलं असंल. डॉक्टर मोतीबिंदू म्हणतोय. चार दिस झालं इचार करतोय, ओकेचा आकडा हुता आणि मला कमी दिसला असंल. पाटील म्हणत्यात, चूक कबूल केल्याची सही दे, मग भट्टीवरनं काढून गोडाऊनला ठेवू. मंगळवारी दहाला बोलावलंय."
पाचर नव्हती का फोडली, विचारलं. म्हणाले, "फोडली की. चांगलं दिसत हुतं. पण स्क्रीन म्हणतंय कमी, आणि पाटील मागं उभं. मग म्हटलं आपलं डोळं म्हातारं झालं."
तरी सांगितलं नाही. चहा घेतला, बिस्किट खाल्लं, निघून आले. लाज वाटते लिहायला.

२५ जानेवारी, रविवार
दुरुस्ती केली. एका भट्टीचे निरोप आता एकाच रांगेत, आधीचा गेल्याशिवाय पुढचा नाही. स्क्रीनवर नमुना नंबर आणि वेळ परत. दोन तासांचं काम होतं. दोन तासांचं!
बाहेर पेठेत फुटबॉलचा आरडाओरडा चाललाय. आई म्हणाली, "तुझं काय बिघडलंय?" सांगितलं. ती म्हणाली, "मग बस की गप. आणि तिकडं गेलीस की बघ त्या माणसाच्या तोंडाकडं." एवढं बोलून मेथी निवडायला लागली.

२६ जानेवारी, सोमवार
सुट्टी. १६ तारखेच्या, त्या शुक्रवारच्या सर्व्हरवरच्या नोंदींच्या दोन प्रती छापल्या. चार ओळी पिवळ्या केल्या. नोकरी गेली तर घराचा हप्ता...

२७ जानेवारी, मंगळवार, सकाळी
फाउंड्रीच्या ऑफिसाबाहेर बाकावर बसून लिहितेय.
पावणेदहाला आले. चाचा आधीच बसलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. "तू कशाला आलीस ताई?"
त्यांना नावानं हाक आली. ते उठायच्या आत मी आत गेले. पाटील आणि मॅनेजर. कागद टेबलावर ठेवले, पिवळ्या ओळी वाचून दाखवल्या, म्हटलं जुना आकडा मी नंतर दाखवला. पाटील कागद उलटा-सुलटा करत राहिले. मॅनेजर म्हणाले, बाहेर बसा, तुमच्या सरांना फोन लावतो.
बाहेर येऊन चाचांना सांगितलं. पहिल्यापासून, सोपं करून. शनिवारी का बोलले नाही तेही. मला वाटलं चिडतील. चिडायलाच हवं होतं.
त्यांनी विचारलं, "म्हंजे मला कमी दिसलं, ते कमीच हुतं?"
"व्हय चाचा. स्क्रीनवर कमीच होतं."
"आणि पाचर बी बरोबर हुती?"
"बरोबर होती."
चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. अजून पुसतायत.
माझा फोन वाजतोय. सर. तिसऱ्यांदा. आतून अजून कुणी बोलावलेलं नाही.