पड आणि पडीक

१२ नोव्हेंबर

धरण होणार! निदान जयराज तसं म्हणतो. इस्लामपूरकडचा पोरगेला इंजिनीअर, सर्व्हेला आलाय, आमच्याच सोप्यात उतरलाय. "गुरुजी, धरणापायी बुडेल ते एका पारड्यात, पाण्यावर पिकेल ते दुसऱ्यात. दुसरं जड भरलं तरच मंजुरी." माणातल्या दुष्काळी म्हाताऱ्याला पाण्याचं वजन सांगतोय!

शाळेतली ढगांची कविता आठवली. आधी नुसती चाल — शब्द मागाहून आले.

१५ नोव्हेंबर

जयराजला घेऊन ओढ्याकाठानं फिरलो. टेकाडाखालच्या माळावर त्यानं विचारलं, "ही जमीन कसली?" म्हटलं, "पड." लॅपटॉपवर टिपून घेतलं त्यानं.

पोरपणी याच माळावर मी कविता घोकायचो. माझ्या बरोबरीचा गुंडा इथं मेंढरं राखायचा. शाळेची पायरी चढला नाही, पण ऐकून ऐकून सगळ्या त्यालाही पाठ! आज तिथंच भेटला. मी चाल धरली तोच — "मास्तर, कविता ऱ्हाऊ दे. तंबाकू काड."

१९ नोव्हेंबर

टँकर आला नाही. मनुबाई, गुंडाची बायको, खालच्या ओढ्यावरून हंडा आणताना दिसली. गुडघा दाबत, बसत, उठत.

२३ नोव्हेंबर

चावडीवर जयराजनं अहवाल वाचला. धरणाचं पारडं जड भरलं — पण केसभरच! टाळ्या. मीही वाजवल्या. मग कानांवर आलं : "बुडीत क्षेत्रात टेकाडाखालचा माळ. पडीक. नुकसान शून्य, भरपाई शून्य."

पडीक? मी पड म्हटलं होतं! आमच्याकडं पड म्हणजे चराईचा माळ. गुंडाची मेंढरं त्यावर, नि घर मेंढरांवर. जयराजच्या उसाच्या मुलखात पड म्हणजे निकामी जमीन. त्यानं त्याच्या गावचा अर्थ लिहिला, मी माझ्या गावचा सांगितला.

त्याला गाठलं. लॅपटॉपवर त्यानं आकडे पुन्हा मांडले. मग म्हणाला, "चराई धरली तर पारडं फिरतं, गुरुजी. धरण जातं. परवा सुनावणीत बोला... बोलायचं असेल तर."

२४ नोव्हेंबर

गुंडाला सगळं सांगितलं. "माझ्या एका शब्दापायी तुझा माळ जातोय रं. उद्या उठून सांगणार मी."

हसला. "लय शब्द शिकलास गड्या. त्यातला योकच चुकला व्हय?"

मग मेंढरांकडं बघत राहिला.

"धरान झालं तर पानी वस्तीपातुर यील?"

"दारापर्यंत येईल."

"दारात," एवढंच म्हणाला. आणि जन्मात पहिल्यांदा ढगांची कविता त्यानं आपणहून धरली. मधे मी अडखळलो. तो नाही.

२५ नोव्हेंबर

सुनावणी. मी उठलोच होतो. मागून गुंडाचा आवाज — "बस खाली, मास्तर! सायेब, माळ माजा हाय. पडीकच हाय त्यो. लिवा."