कुस्करलेली दूध-भाकरी

दिगू, बाळा,

माझ्या लेकाचा, पवनचा घास अडकतो, तुझ्यासारखाच. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. अन्ननलिकेला ॲलर्जीची सूज हाय म्हणाले. दूध बंद केलं तशी ती उतरली. हे रक्तातनं येतं, घरात आणि कुणाला होतं का, असं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

तू घासागणिक पाणी प्यायचास. आबा नखरे म्हणून ताटावरनं उठवायचे. मग मी चुलीपाशी बसवून तुला दूध-भाकरी कुस्करून भरवायची. वाटायचं, या घरात तुला माझाच आधार.

तू घर सोडून गेल्याला बावीस वर्सं झाली. हे पत्र कुटं धाडू, ठावं न्हाई. तुला लेकरं असतील, तर त्यांचा घास अडकतो का तेवढं बघ. अडकत असला, तर माझ्यासारखं मायेनं दूध-भाकरी भरवू नको.

तुझी शालनताई,
मळवली