दुपारी दरवाजा उघडा ठेवण्याबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी साहेब,
गोदातीर बियाणे प्रक्रिया संघ,
कामगार वसाहत, जालना.

दि. ९ मे २००२

विषय: मुलीचे बाळंतपण होईपर्यंत दुपारी घराचा दरवाजा उघडा ठेवू देण्याबाबत.
संदर्भ: माझे याआधीचे अर्ज व त्यांवरील आपले मौन.

महोदय,

मी खाली सही करणार बद्रीनाथ सर्जेराव उढाण, गोदामातील मुकादम, सविनय अर्ज करतो की,

१) वसाहतीचे लाकडी दरवाजे काढून आपण फायबरचे बसविले. रंग निवडायला सांगितला तेव्हा, पांढरा म्हणजे मोरीचा दरवाजा, असे म्हणून आमच्या मंडळींसह सगळ्यांनी गडद सागवानी रंग घेतला. आमच्या ओळीची तोंडे पश्चिमेला. ऊन पडले की दरवाजा फुगून चौकटीत गच्च बसतो, तो दिवस मावळेपर्यंत बिलकुल हलत नाही. खिडक्यांना गज आहेत, मागे दार नाही.

२) आपल्या सूचनेप्रमाणे दरवाजा साबणाच्या पाण्याने पुसतो, बिजागऱ्यांत तेल सोडतो. सुतार कडा रंधायला तयार नाही. आतला फोम उघडा पडेल म्हणतो. उघडा ठेवावा, तर वाऱ्याने आपटून तडकतो म्हणून दिवसा बंदच ठेवण्याचा आपला नियम. वॉचमन कडूबा फिरून उघडे दरवाजे लिहून नेतो. मला नोटीस मिळालेली आहे. पुन्हा उघडा दिसल्यास घर खाली करावे लागेल.

३) मागच्या आठवड्यात शेजारच्या चांगुणाबाईंचा स्टोव्ह भडकला. बाई आत, दरवाजा फुगलेला. खिडकीतून बादल्या मारल्या म्हणून जीव वाचला, हात भाजायचे ते भाजलेच. त्यावर कार्यालयाने 'दुपारी स्टोव्ह पेटवू नये' अशी पाटी लावली. साहेब, बाळंतपणाला पाटी लावता येत नाही.

४) माझी मुलगी उषा पहिलटकरीण. दिवस भरले आहेत. मूल आडवे आहे, कळा येताच जल्दी आणा, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे. दुपार झाली की पोरगी दरवाजाकडे बघत बसते. मला भीती वाटते.

तरी दुपारपुरती परवानगी द्यावी, ही हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
ब. स. उढाण

सोबत: डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, नोटिशीची नक्कल.

ता. क. अर्ज घेऊन निघणारच होतो, तर उषाला कळा सुरू झाल्या. दरवाजा बसलाय. मी आतून ओढून राह्यलो, कडूबा बाहेरून ढकलून राह्यला, हलायला तयार न्हाई. हा कागद गजातून त्याच्याच हाती देतो. साहेब, परवानगी ऱ्हाऊ द्या. पहार घेऊन या.