बिनचुन्याची भिंत

गुरुजी,

आपल्या शाळेचं ते शेवटचं वर्ष सगळ्यांत चांगलं गेलं, हेच मला अजून खुपतं. निजामाचं राज्य. सरकारी परवानगी नसताना तुम्ही मठाच्या ओसरीत मराठी शाळा चालवत होतात, ती गावाच्या जिवावर. स्वामींनी जागा दिली होती, सुगीला ज्यांच्या त्यांच्या खळ्यावरून ज्वारी यायची, आणि तुमच्या जेवणाचे वार घरोघरी वाटून घेतले होते. सोमवार आमचा. मी तेव्हा मीठमिरचीचं दुकान मांडलेला, सहीसुद्धा न येणारा गडी. पोरं घरी गेली की पाटी घेऊन तुमच्यापुढं बसायचो. त्या वर्षी पहिल्यांदा पोरी शाळेत आल्या. चौथीची पोरं चावडीवर अडीचकीचा पाढा धडाधड म्हणायची. सेलूहून कापूस घालून आलेला माणूस घरात शिरायच्या आधी पोराला हाक मारायचा, "ये रं, वाच बरं, आडत्यानं काय खरडलंय ते!"

तपासणीला शिक्षणखात्याचा साहेब येणार असं कळलं, तसं आम्हाला वाटलं, आता परवानगी मिळालीच. मी सेलूहून गाडीभर चुना आणला. बायांनी ओसरी सारवली, सुतारानं नवा फळा करून दिला. तुम्ही मात्र सारखं म्हणत होतात, "शेठ, एवढं चकचकीत करू नका." शेठ हे तुम्ही चेष्टेनं म्हणायचात, दुकानात डब्यांपेक्षा माश्या जास्त होत्या. मी म्हणालो, "गुरुजी, पोरगी दाखवायची म्हणल्यावर तोंड धुऊनच बसवावं लागतंय की!" तुम्ही हसलात. "दाखवलेली पोरगी दुसऱ्याच्या घरी जाते, शेठ." सगळी ओसरी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी.

साहेब आला तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. पोरं पाढे म्हणतात. तेल्याची पोरगी न अडखळता धडा वाचते. साहेब मान डोलावतो, भिंतीवरून बोट फिरवून पांढरं झालेलं बोट बघतो. माझे कान पहिल्यापासून तिखट, बाजारात वावरून उर्दूही समजायची. पायरी उतरताना तो कारकुनाला म्हणतो, "गाँव में इतना शौक़ है, जगह भी तैयार है. सरकारी मदरसा यहीं बिठा दो." मी तिथूनच ओरडत सुटतो, "मंजूर झाली! आपली शाळा सरकारी झाली!" दुकानातले होते नव्हते तेवढे बत्तासे वाटून टाकतो. एक तुमच्या हातावर ठेवतो. तुम्ही तो तोंडात टाकता, माझ्या खांद्यावर हात ठेवता आणि म्हणता, "लय धावपळ केलीत. आता घरी जाऊन जेवा."

महिनाभरात त्याच ओसरीत साहेबाचा मदरसा, म्हणजे सरकारी उर्दू शाळा बसली आणि तिचे मास्तर आले. माणूस भला होता, त्यांचा काय दोष! पण तुमची उर्दूची परीक्षा झालेली नव्हती, म्हणून त्या शाळेत तुम्हाला जागा नव्हती, आणि दुसरी शाळा काढायला मनाई. तुम्ही पूर्णेकाठी बहिणीच्या गावी गेलात, तिथंच संपलात. पोरी परत घरी बसल्या. पुढच्या सोमवारी आमच्या हिनं सवयीनं तुमचं ताट वाढलं आणि तशीच उभी राहिली. मी साहेबाचा शब्दन् शब्द बरोबर ऐकला होता. त्याचा अर्थ मात्र गावात तुम्हाला एकट्यालाच कळला होता, आणि तरी तुम्ही तो बत्तासा गोड करून घेतलात.

आता ते राज्य गेलं. शाळा मराठी आहे, इमारत मोठी आहे, मी कमिटीवर आहे. गाव अजूनही तसंच देतं. यंदा कुणी बाकं दिली, कुणी पाण्याची टाकी बांधून दिली. शिष्यवृत्तीत पोरीच पुढं आहेत. तपासणी आली की चुना लावून घ्यायचं काम माझ्याकडं असतं. काल शाळेच्या बाई म्हणाल्या, "अण्णा, मागची भिंत दरसाल तशीच कशी राहती हो?"

"चुना संपला, बाई."

"दरसाल तिथंच येऊन संपतोय व्हय!"

पोरं खिदळली, मीही हसलो. हे पाकीट कुठल्या गावी टाकायचं मला ठाऊक नाही, आणि बाईंना खरं सांगायला तोंड होत नाही. चुना संपलेला नाही, गुरुजी. गोदामात पडून आहे.